गुलमर्गला निघण्याआधी बर्फाचे गणित

जानेवारी २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात गुलमर्गच्या त्या सुप्रसिद्ध मैदानावर बर्फ नव्हता. जिथे पांढऱ्याशुभ्र उतारावर नवशिके घसरत, पडत, पुन्हा उठत शिकतात, तिथे पिवळे पडलेले गवत होते आणि त्यावर घोडेवाले गिऱ्हाइकाची वाट पाहत उभे होते. प्रस्तुत प्रतिनिधी त्या आठवड्यात सहा जणांच्या गटासह तिथे होता. सप्टेंबरमध्येच विमानाची तिकिटे काढून झाली होती, हॉटेलचे पैसे आगाऊ भरले होते आणि सहल ठरवून देणाऱ्या गृहस्थांनी 'जानेवारीत बर्फ हमखास' अशी ग्वाही दिली होती. ती ग्वाही खोटी होती असे म्हणता येणार नाही, कारण त्यांनी दिनदर्शिका पाहिली होती. आकाश कोणीच पाहिले नव्हते.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. त्याच महिन्याच्या अखेरीस हवामान पालटले, फेब्रुवारीत भरघोस हिमवृष्टी झाली आणि २१ ते २५ फेब्रुवारी २०२४ या काळात गुलमर्गला खेलो इंडिया हिवाळी क्रीडा स्पर्धा पार पडल्या. स्पर्धा सुरू असतानाच, २२ फेब्रुवारी रोजी, अफरवट पर्वताच्या उतारावर हिमस्खलन होऊन एका रशियन स्कीपटूला प्राण गमवावे लागले. म्हणजे सहा आठवड्यांच्या आत एकाच ठिकाणी बर्फ नसल्यामुळे सहली वाया गेल्या आणि बर्फ जास्त झाल्यामुळे माणूस दगावला. पुढल्या वर्षीही तेच नाट्य थोड्या फरकाने घडले. फेब्रुवारी २०२५ मधील स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि त्या अखेर ९ ते १२ मार्च या काळात झाल्या.

स्कीइंगसाठी उत्तरेकडे जाणाऱ्या मराठी पर्यटकांत आता केवळ फोटोपुरते स्की पायात अडकवणारे राहिलेले नाहीत. आठ-दहा दिवसांचा अभ्यासक्रम करणारे, दरवर्षी जाणारे, मुलांना घेऊन जाणारे असे अनेक जण दिसतात. त्यांच्यासाठी बर्फाचा अंदाज वाचता येणे ही हौसेची बाब नसून पैशांची, आणि प्रसंगी जिवाची बाब आहे.

चाळीस दिवसांचा भरवसा

काश्मीरमध्ये हिवाळ्याचे स्वतःचे पंचांग आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा 'चिल्लई कलान', त्यानंतर वीस दिवसांचा 'चिल्लई खुर्द' आणि शेवटी दहा दिवसांचा 'चिल्लई बच्चा'. कडाक्याच्या थंडीचे हे चाळीस दिवस म्हणजेच बर्फाचे दिवस, असा सर्वसाधारण समज आहे आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवावर तो उभा आहे. मात्र थंडी आणि बर्फ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निरभ्र आकाशाखाली दल सरोवराचा पृष्ठभाग गोठेल एवढी थंडी पडते आणि तरीही आठवडेच्या आठवडे एक कणही बर्फ पडत नाही, हे जानेवारी २०२४ मध्ये सर्वांनी पाहिले. बर्फासाठी थंडीबरोबर ओलावा लागतो, आणि तो ओलावा काश्मीरमध्ये तयार होत नाही.

तो येतो पश्चिमेकडून. भूमध्य समुद्राच्या परिसरात जन्मलेल्या वातावरणीय प्रणाली उंचावरील पश्चिमी वाऱ्यांच्या प्रवाहात सापडून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा प्रवास करीत हिमालयावर येऊन आदळतात. वाटेत कॅस्पियन समुद्र आणि अरबी समुद्र यांचेही बाष्प त्यांना मिळते. हवामानशास्त्रज्ञ त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. हिवाळ्यातील एका महिन्यात असे साधारण चार ते सहा विक्षोभ येतात. परंतु त्यातील बरेचसे दुबळे असतात, काही उत्तरेकडूनच निघून जातात आणि एखाद-दुसराच खऱ्या अर्थाने सक्रिय ठरतो. गुलमर्गचा अख्खा हंगाम अशा मोजक्या सक्रिय विक्षोभांवर चालतो. आपल्याकडे जूनमध्ये मान्सून केरळात पोहोचला की वृत्तपत्रे त्याचा माग काढू लागतात. स्कीइंगला जाणाऱ्याने जानेवारीत तोच माग इराण-अफगाणिस्तानवर काढायचा असतो. हवामान खात्याच्या दैनंदिन पत्रकात 'नवा पश्चिमी विक्षोभ अमुक तारखेपासून पश्चिम हिमालयीन क्षेत्रावर परिणाम करील' हे वाक्य आले की समजावे, काहीतरी घडण्याची शक्यता आहे. विक्षोभाचा मुक्काम बहुधा दोन-तीन दिवसांचा असतो.

डोंगर अडवतो म्हणून बर्फ पडतो, हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. महाबळेश्वरला दिवसेंदिवस धुवांधार कोसळत असताना खाली वाईत लोक छत्रीशिवाय फिरतात, हे आपण पाहतोच. पीर पंजाल रांग काश्मीरसाठी तेच करते. गुलमर्ग या रांगेला बिलगून आहे आणि म्हणूनच श्रीनगरात चिमूटभर बर्फ पडला तेव्हाही अफरवटवर गुडघाभर साचू शकतो. तेव्हा मोबाइलवर श्रीनगरचा अंदाज पाहून गुलमर्गविषयी निष्कर्ष काढणे हे वाईचे आकाश पाहून महाबळेश्वरला रेनकोट न नेण्यासारखे आहे.

मिलिमीटरचे सेंटिमीटर

अंदाजात सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे एकक. हवामान खाते पाऊस असो वा बर्फ, पाण्याच्या मिलिमीटरमध्ये मोजते. बर्फ वितळवल्यावर जेवढे पाणी होईल तेवढा त्याचा आकडा. ढोबळ नियम असा, की एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर ताजा बर्फ. पारा शून्याच्या आसपास असेल तर बर्फ ओला, जड पडतो आणि हेच प्रमाण निम्म्यापर्यंत घसरते; कडाक्याच्या थंडीत तो पिंजलेल्या कापसासारखा हलका पडतो आणि एका मिलिमीटरचे दीड-दोन सेंटिमीटरही होतात.

याचा परिणाम असा होतो, की पावसाच्या भाषेत क्षुल्लक वाटणारा अंदाज बर्फाच्या भाषेत मोठा असतो. हवामान खात्याच्या वर्गवारीत २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर म्हणजे 'हलका', १५.६ ते ६४.४ मिलिमीटर म्हणजे 'मध्यम' आणि त्यापुढे 'जोरदार'. मुंबईकर पंधरा मिलिमीटर पावसाला सर म्हणतो. गुलमर्गला तोच 'हलका' वर्षाव पंधरा सेंटिमीटर बर्फ देऊन जातो, आणि थंडी चांगली असेल तर त्याहूनही अधिक. 'मध्यम' या शब्दाच्या पोटात तर अर्ध्या मीटरहून जास्त बर्फ मावतो. साहजिकच, 'हलकी ते मध्यम हिमवृष्टी' एवढे वाचून हिरमुसण्याचे कारण नाही.

याच पत्रकातील 'तुरळक ठिकाणी', 'काही ठिकाणी', 'बऱ्याच ठिकाणी' हे शब्दही मोजूनमापून वापरलेले असतात. तुरळक म्हणजे त्या विभागातील केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत, काही ठिकाणी म्हणजे ५० टक्क्यांपर्यंत, बऱ्याच ठिकाणी म्हणजे ७५ टक्क्यांपर्यंत. विक्षोभ दुबळा असला तर अंदाज 'तुरळक ठिकाणी'चा असतो. सक्रिय असला तर बहुतांश ठिकाणांचा उल्लेख येतो. स्कीपटूने प्रमाणाइतकेच या शब्दांकडे लक्ष द्यावे. यलो किंवा ऑरेंज इशाऱ्याचा अर्थ मात्र वेगळा. तो रस्ते, वीज, वाहतूक यांच्यावर होणाऱ्या परिणामाविषयी असतो. गंमत अशी, की सर्वसामान्य पर्यटक ज्या इशाऱ्याने सहल रद्द करतो, त्याच इशाऱ्याने स्कीपटूचे डोळे चमकतात. त्या चमकण्यात किती शहाणपण आहे, ते पुढे येईलच.

पाऊस की बर्फ?

आता उंचीचा प्रश्न. गुलमर्गचे मैदान सुमारे २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगदोरीला, म्हणजे ३,०८० मीटरच्या आसपास नेतो, आणि दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरवर सोडतो. तळ आणि माथा यांत तब्बल तेराशे मीटरचे अंतर आहे. हवेचे तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, हे लक्षात घेतले तर माथा तळापेक्षा साधारण आठ अंशांनी थंड असणार. खाली हॉटेलच्या दारात अधिक दोन अंशांवर चिखल करणारा पाऊस पडत असेल, त्याच क्षणी वर उणे सहा अंशांत उत्तम कोरडा बर्फ पडत असू शकतो. खालचा पाऊस पाहून खोलीत पत्ते कुटत बसणारे आणि गोंडोलाकडे धावणारे यांच्यात एवढ्याच एका माहितीचा फरक असतो.

डोंगरी हवामानाच्या चांगल्या संकेतस्थळांवर 'शून्य अंश पातळी' दिलेली असते. ज्या उंचीवर हवेचे तापमान शून्य होते, ती ही पातळी. बर्फाचे कण त्या पातळीच्या खाली आल्यावर लगेच वितळत नाहीत. सर्वसाधारणपणे आणखी दोनशे-तीनशे मीटर खालपर्यंत ते बर्फ म्हणूनच पोहोचतात. म्हणजे अंदाजात शून्य अंश पातळी ३,००० मीटर दिली असेल तर २,७०० ते २,८०० मीटरपर्यंत बर्फ, त्याखाली पाऊस. अर्थात गुलमर्गच्या मैदानावर पाऊस किंवा पाणी मिसळलेला बर्फ आणि कोंगदोरीला मात्र हिमवृष्टी. नवशिक्यांचे उतार मैदानावर आहेत, त्यामुळे त्यांचा आठवडा या दोनशे-तीनशे मीटरच्या हिशेबावर ठरतो. मुरलेल्या स्कीपटूला त्याची फारशी फिकीर नसते.

हाच हिशेब इतर ठिकाणांनाही लावून पाहावा. मनालीजवळचे सोलंग सुमारे अडीच हजार मीटरवर असल्याने तिथे सीमारेषा नेहमीच जवळ असते. उत्तराखंडातील औलीचे उतार अडीच ते तीन हजार मीटरच्या दरम्यान आहेत. औलीत २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांच्या निमित्ताने कृत्रिम बर्फ बनविण्याची यंत्रेही बसविण्यात आली. पण यंत्रालासुद्धा हवा पुरेशी थंड आणि कोरडी लागते, ती नसेल तर ते केवळ पाणी फवारते. जोशीमठहून औलीला नेणारा रोपवे जमीन खचल्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये बंद करण्यात आला. त्यामुळे तिकडे निघणाऱ्याने बर्फाबरोबर रस्त्याचीही चौकशी केलेली बरी.

संगणक डोंगर कसा पाहतो

मोबाइलवरील बहुतेक अॅप एखाद-दुसऱ्या जागतिक प्रारूपाचे आकडे उचलतात. ही प्रारूपे पृथ्वीचा पृष्ठभाग चौकोनांत विभागतात. युरोपीय केंद्राच्या प्रमुख प्रारूपात हा चौकोन सुमारे नऊ किलोमीटरचा आहे. भारताने मे २०२५ मध्ये सुरू केलेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टीम'मध्ये तो सहा किलोमीटरचा आहे आणि ही प्रणाली पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत विकसित झाली, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. तथापि सहा किलोमीटरच्या चौकोनातही अफरवटचा माथा आणि गुलमर्गचे मैदान जवळजवळ एकत्र येतात. संगणकाच्या लेखी तिथे एक बोथट टेकाड असते, सरासरी उंचीचे. म्हणून अॅपवरील 'गुलमर्ग : ० अंश, १२ मिलिमीटर' हा आकडा नेमक्या कोणत्या उंचीचा आहे, हे आधी पाहावे. स्कीइंगसाठीची स्वतंत्र संकेतस्थळे तळ, मध्य आणि माथा असे तीन वेगवेगळे आकडे देतात. ती अशा वेळी अधिक उपयोगी पडतात.

किती दिवस आधीचा अंदाज मानावा? तीन दिवसांपर्यंतचा बऱ्यापैकी विश्वासार्ह असतो. पाच ते सात दिवसांच्या टप्प्यात विक्षोभ येणार की नाही हे बहुधा कळते, पण तो मंगळवारी येणार की गुरुवारी आणि किती ओतणार, हे नाही. दहाव्या दिवशी ४० सेंटिमीटर बर्फ दाखविणाऱ्या रकान्याला फक्त एवढाच अर्थ आहे, की त्या सुमारास काहीतरी हालचाल संभवते. एक साधी युक्ती आहे: दहा दिवसांपुढचा आकडा रोज त्याच वेळी पाहायचा आणि वहीत लिहायचा. तो रोज साधारण तोच राहिला, दोन वेगवेगळ्या प्रारूपांतही जुळला, तर भरवसा वाढतो. आज ४०, उद्या ५, परवा ६० असे होत असेल तर संगणकालाच अजून काही ठरवता आलेले नाही, असे समजावे.

'बर्फ आहे का?' हा प्रश्न चुकीचा

पडणाऱ्या बर्फाचा अंदाज हा एक भाग झाला. जमिनीवर आधीच काय आहे, हा दुसरा. इथे तीन आकड्यांची हमखास गल्लत होते. गेल्या २४ तासांत पडलेला ताजा बर्फ, आज जमिनीवर उभा असलेला एकूण थर आणि हंगामाच्या सुरुवातीपासून पडलेल्या बर्फाची बेरीज. हंगामाची बेरीज तीन मीटर असली तरी थर एक मीटरच असू शकतो, कारण बर्फ स्वतःच्या वजनाने दबतो, वितळतो, वाऱ्याने उडून जातो. ताजा तीस सेंटिमीटरचा थर एक-दोन दिवसांत वीसवर येणे अगदी नेहमीचे आहे. जाहिरातीत अर्थातच यातला सर्वांत मोठा आकडा छापलेला असतो.

म्हणून हॉटेलवाल्याला किंवा प्रशिक्षकाला फोन करताना 'बर्फ आहे का?' असे विचारू नये. 'है साहब, बहुत है' हेच उत्तर मिळते, आणि बापडा खोटेही बोलत नसतो. लांब डोंगरावर त्याला बर्फ दिसत असतो. विचारावे ते असे: खालच्या मैदानावर थर किती आहे? शेवटचा बर्फ कोणत्या तारखेला पडला? त्यानंतर पाऊस झाला का? शिकाऊ उतारावरच्या लिफ्ट चालू आहेत का? गोंडोलाचा दुसरा टप्पा गेल्या आठवड्यात किती दिवस उघडला? शक्य असल्यास त्याच दिवशीचा फोटो मागवावा. समाजमाध्यमांवर फिरणारे फोटो कोणत्या वर्षीचे आहेत, याचा नेम नसतो. आमच्या २०२४ च्या सहलीआधी आम्हाला आलेल्या फोटोंत कमरेएवढा बर्फ होता. फोटो खरेच गुलमर्गचे होते, पण साल वेगळे होते.

थराची प्रतही विचारात घ्यावी. नवशिक्याला खोल ताजा बर्फ नकोच असतो. त्यात स्की रुततात आणि पडल्यावर उठता उठता दमछाक होते. त्याला दबलेला, सपाट केलेला अर्ध्या मीटरचा थर पुरे. पाऊस पडून नंतर रात्री गोठलेला बर्फ मात्र सर्वांनाच नकोसा, कारण त्याचा काचेसारखा कडक पापुद्रा होतो. मार्चमध्ये गुलमर्गच्या अक्षांशावर ऊन तापते. सकाळी पृष्ठभाग गोठलेला, अकराच्या सुमारास वरून मऊ आणि दुपारी दोननंतर नुसता लगदा. मार्चमध्ये जाणाऱ्यांनी मधल्या दोन-तीन तासांसाठी आपला दिवस राखून ठेवावा आणि दुपारी निवांत जेवावे.

वाऱ्याचा रकाना बहुतेक जण वाचतच नाहीत. माथ्यावर वारा जोराचा असला की गोंडोला थांबतो, मग बर्फ कितीही चांगला असो. जोरदार हिमवृष्टीनंतर दुसरा टप्पा सुरक्षेच्या कामासाठी एखाद-दोन दिवस बंद राहणे हेही नित्याचे आहे. ज्या विक्षोभासाठी आपण देव पाण्यात घालून बसलेलो असतो, तोच श्रीनगरची विमाने रद्द करतो, जम्मू-श्रीनगर महामार्ग अडवतो आणि टंगमर्गहून वर चढणाऱ्या घाटात चाकांना साखळ्या लावल्याशिवाय गाड्या सोडू देत नाही. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत रेल्वे धावू लागल्याने एक पर्याय वाढला आहे. तरीही येताना आणि जाताना एकेक दिवस हाताशी मोकळा ठेवला नाही, तर सोमवारी कार्यालयात हजर होण्याची खात्री कोणी देऊ नये.

स्वच्छ सकाळचा धोका

विक्षोभ ओसरल्यानंतरची पहिली निरभ्र सकाळ ही स्कीइंगमधील सर्वांत सुंदर सकाळ असते. आकाश गर्द निळे, बर्फ अस्पर्श. आणि हिमस्खलनाच्या दृष्टीने नेमके हेच २४ ते ४८ तास सर्वांत वाईट असतात. ताज्या बर्फाचा भार जुन्या थरावर नीट बसलेला नसतो. वाऱ्याने उचलून आडोशाच्या उतारावर रचलेला थर वरून घट्ट, मोहक दिसतो. पण एका माणसाच्या वजनाने तो फळीसारखा तुटून सरकू शकतो. ३० ते ४५ अंशांचे उतार यात विशेष धोक्याचे, आणि चांगल्या स्कीपटूला आवडणारे उतारही तेच. ज्या हिमस्खलनांत स्कीपटू सापडतात, त्यातील बहुतांश त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्या भारानेच सुटलेली असतात, हे जगभरचे निरीक्षण आहे.

फेब्रुवारी २०१० मध्ये खिलनमर्ग येथे लष्कराच्या युद्धशाळेचे १७ जवान अशाच हिमकड्याखाली मृत्युमुखी पडले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या हापथखुड भागात पोलंडचे दोन स्कीपटू दगावले. जवान डोंगरी प्रशिक्षण घेणारे होते, परदेशी पाहुणे स्कीइंगसाठीच आलेले होते. अनुभव पुरेसा नसतो, हे यावरून दिसते.

जुना थर कसा आहे, यावरही बरेच अवलंबून असते. दीर्घकाळ कोरडी थंडी राहिली की जमिनीवरचा पातळ बर्फ साखरेच्या दाण्यांसारखा मोकळा होतो. दाणे एकमेकांना धरत नाहीत. त्यावर एकदम मोठी हिमवृष्टी झाली तर सगळा डोलारा त्या मोकळ्या दाण्यांवर उभा राहतो. बर्फाविना गेलेल्या जानेवारीनंतर फेब्रुवारीत 'आता भरपूर पडला' म्हणून हरखून जाणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे.

हिमस्खलनाचा अंदाज हवामान खाते नव्हे, तर संरक्षण संशोधन विकास संस्थेची चंडीगडस्थित 'डीजीआरई' ही प्रयोगशाळा देते. पूर्वीची 'सासे' २०२० मध्ये तिच्यात विलीन झाली. जिल्हावार, उंचीनुसार धोक्याची पातळी तिच्या पत्रकात असते. जगभर प्रचलित मापन एक ते पाच असे आहे आणि यातील तीन क्रमांकाबाबत मोठा गैरसमज होतो. पाचातले तीन म्हणजे मधले, म्हणजे ठीकठाक, असे आपले परीक्षेतील गुणांना सरावलेले मन सांगते. प्रत्यक्षात पातळी तीन म्हणजे एका माणसाच्या वजनानेही हिमस्खलन होण्याची शक्यता. चार आणि पाच पातळीला शहाणी माणसे उताराकडे फिरकतच नाहीत, म्हणून अपघात तीनच्या दिवशी अधिक होतात.

गुलमर्गचे स्की पथक सुरक्षेचे काम करते ते मुख्यतः गोंडोलाच्या खालील मधल्या भागात. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूच्या खोल घळींची हमी कोणी देत नाही. तिकडे जाणाऱ्याकडे शोध-यंत्र, फावडे आणि लांब सळई ही तिन्ही साधने, ती वापरण्याचा सराव आणि परिसर जाणणारा वाटाड्या असावाच लागतो. गाडला गेलेला माणूस जिवंत बाहेर निघण्याची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच असते, आणि तेवढ्या वेळात खालून मदत येत नाही. सोबती काढतील तरच.

तारखा ठरविण्याबाबत आमच्या गटाने २०२५ साठी निराळी रीत अवलंबिली. हॉटेल असे निवडले, की चार दिवस आधी कळवल्यास पैसे परत मिळावेत. रजा मात्र फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात दोन वेगवेगळ्या आठवड्यांसाठी मागून ठेवली आणि विमानाची तिकिटे महाग पडली तरी शेवटी काढली. पहिला आठवडा बर्फाअभावी सोडून दिला. महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात विक्षोभ दिसू लागला, सलग चार दिवस दोन्ही प्रारूपे जुळत राहिली, तेव्हा निघालो. टंगमर्गला साखळ्या लावलेल्या गाडीसाठी तीन तास थांबावे लागले. वर पोहोचल्यावर पहिले दोन दिवस गोंडोलाचा दुसरा टप्पा बंद होता आणि आम्ही मैदानावरच, नवशिक्यांच्या गर्दीत, स्की घासत राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता तिकीट खिडकीपाशी रांग हलली.